खांद्यावर कोण बसलंय?

कॉमिक्स म्हटलं की आपल्याकडे अजूनही 'हे पोरासोरांचं' असा शिक्का बसतो. आणि मी ज्या कॉमिकबद्दल लिहायला बसले आहे त्यात तर वीतभर निळा घोडा आहे, त्याला पंख आहेत आणि तो अखंड बडबड करतो. म्हणजे संपलंच! पण त्याच पानावर एक भाडोत्री खुनी आहे, रक्त आहे, आणि शिव्या तर इतक्या आहेत की आमच्या शाळेतल्या सिस्टरनी पहिलं पान बघूनच पुस्तक जप्त केलं असतं. नाव 'हॅपी'. लेखक ग्रँट मॉरिसन हे स्कॉटलंडचे, चित्रकार डॅरिक रॉबर्टसन हे अमेरिकेचे. इमेज कॉमिक्सने २०१२-१३ मध्ये चार अंकांत ते छापलं. पुढे २०१७ ते २०१९ या काळात त्यावर दोन सीझनची टीव्ही मालिकाही आली.

गोष्ट थोडक्यात अशी. निक सॅक्स हा एकेकाळचा पोलीस डिटेक्टिव्ह. आता सुपारी घेऊन माणसं मारतो. नाताळचे दिवस आहेत, बर्फ पडतंय, आणि सांताक्लॉजचे कपडे घातलेला एक विकृत माणूस लहान मुलं पळवतोय. एका 'कामात' निकला गोळी लागते आणि जखमी होऊन पडलेला असताना त्याला हा निळा घोडा दिसायला लागतो. घोडा म्हणतो, मी हेली नावाच्या मुलीचा काल्पनिक मित्र आहे, तिला पळवून नेलंय, तूच तिला वाचवू शकतोस. निकला अर्थातच वाटतं की औषधांचा अंमल आहे. घोडा इतर कोणालाच दिसत नाही. (तो नेमका निककडेच का आला, हे पुढे कळतं. मी सांगणार नाही, वाचा.)

गुन्हेगारी कॉमिक आपल्याला नवीन नाही. इंद्रजाल कॉमिक्समध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' १९७६ पासून डाकूंशी लढत होता. राज कॉमिक्सचा कुत्र्याचा मुखवटा घालणारा 'डोगा' तर आपल्या मुंबईतलाच, आणि हिंदीतलं त्याहून काळं-कळकट कॉमिक मी तरी पाहिलेलं नाही. पण डोगाच्या खांद्यावर कोणी अदृश्य बसलेलं नसतं. 'हॅपी'ची गंमत नेमकी तिथे आहे. वास्तवातली घाण जशीच्या तशी ठेवायची आणि तिच्यात मधोमध एक अशक्य गोष्ट सोडून द्यायची. आता प्रश्न असा की हा सोबती कथेत करतो काय? फक्त मजा म्हणून आहे का?

मला वाटतं, नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगते. सोबती हा एक ब्लॅक बॉक्स आहे. आत काय आहे ते आपल्याला उघडून पाहता येत नाही, म्हणून आपण इनपुट देतो आणि आउटपुट तपासतो. इथे टेस्ट एकच आहे: सोबत्याला असं काही माहीत आहे का, जे नायकाला माहीत असणं शक्यच नाही? आणि ते पडताळून बघता येतं का? बस्स. ही टेस्ट घेऊन बसलं की अशा सगळ्या कथा आपोआप वेगवेगळ्या खणांत जाऊन पडतात.

सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण घेऊ. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६). दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे आपल्या नागपूरचे, आणि गांधीजी झाले होते आपले दिलीप प्रभावळकर. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारात सहायक अभिनेत्याचा मान त्यांना मिळाला. मुन्ना हा सुद्धा गुंडच. तोही रात्रंदिवस लायब्ररीत बसून वाचतो आणि त्याला बापू दिसायला लागतात. 'केमिकल लोचा' हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात आला तो कायमचाच. पण त्या सिनेमातला सगळ्यात हुशार सीन प्रेमाचा नाही की भांडणाचा नाही. सगळ्यांसमोर मुन्नाला गांधीजींविषयी असा प्रश्न विचारला जातो ज्याचं उत्तर त्याने वाचलेलं नाही. तो बापूंकडे बघतो. बापू गप्प! कारण बापूंना तेवढंच माहीत आहे जेवढं मुन्नाला माहीत आहे. ही आपली टेस्ट, आणि बापू त्यात फेल. म्हणजे बापू मुन्नाच्या डोक्यातले. पण पटकथा लिहिणाऱ्यांची कमाल ही की टेस्टमध्ये फेल झाल्यावरही बापूंची किंमत कमी होत नाही. मुन्नाला माहीत होतं पण तो वागत नव्हता, ते वागायला लावणारा कोणीतरी हवा होता.

हॅपी मात्र टेस्ट पास होतो. हेली कोण, ती कुठल्या संकटात आहे, हे निकला ठाऊक असायचं कारणच नाही. घोडा सांगतो, निक खोटं ठरवायला बघतो, आणि ते खरं निघतं. त्या क्षणी वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. तोपर्यंत आपण 'भ्रम आहे' म्हणून निवांत असतो. आता निकला सबब राहत नाही. पोलीस असताना जे बघायचं टाळलं ते आता निळ्या घोड्याच्या तोंडून ऐकावं लागतं.

तिसरा खण म्हणजे जिथे उत्तरच मिळत नाही. बिल वॉटरसन यांचा 'कॅल्विन अँड हॉब्स' (१९८५ ते १९९५) आठवा. कॅल्विनला हॉब्स जिवंत वाघ दिसतो, घरच्यांना कापडी खेळणं. एकदा हॉब्स कॅल्विनला खुर्चीला करकचून बांधतो, आणि बाबा येऊन बघतात तर पोरगा बांधलेला! स्वतःला असं कसं बांधलं, हे त्यांना कळत नाही. आपल्यालाही नाही. ते वॉटरसन यांनी शेवटपर्यंत सोडवलं नाही आणि बरंच केलं. पण गुन्हेगारी कथेत हे चालत नाही असं माझं मत आहे. तिथे कोणीतरी मेलेलं असतं, कोणीतरी पळवलेलं असतं. 'असेलही, नसेलही' म्हणून लेखकाला सुटता येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. खरोखर आवाज ऐकू येणारी, न दिसणारं दिसणारी माणसं असतात, आणि तो आजार आहे, कथेची सोय नाही. 'अ ब्यूटिफुल माइंड' (२००१) मध्ये जॉन नॅश यांना जो रूममेट दिसतो तो सिनेमावाल्यांनी घातलेला आहे. खऱ्या नॅश यांना आवाज ऐकू येत. आवाजाचा फोटो काढता येत नाही म्हणून माणूस उभा केला. मराठीत हा विषय जबाबदारीने बघायचा तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) बघावा. अतुल कुलकर्णींचं काम बघून मी अर्धा तास कोणाशी बोलले नव्हते.

आता घरी येऊ. काल्पनिक सोबत्याची गुन्हेगारी चित्रकथा आपल्याकडे आधीपासून होती आणि आपण तिला कधी त्या नावाने ओळखलंच नाही. विक्रम आणि वेताळ! 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून निघू लागला. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझ्या वाट्याला तो आला आजीच्या ट्रंकेतून, बांधीव गठ्ठ्यात. ते चित्र तुम्हालाही आठवत असेल. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आजूबाजूला स्मशान, आणि राजा चालतोय. हे चित्र काढणारे के. सी. शिवशंकरन, म्हणजेच 'शंकर', २०२० मध्ये गेले. एका चौकटीत त्यांनी जे साधलं ते 'हॅपी'च्या चार अंकांच्या तोडीचं आहे, असं मी बिनधास्त म्हणते. (गंमत म्हणजे इंद्रजालवाल्यांनी फँटमला आपल्याकडे 'वेताळ' केलं. नाव तेच, पण तो कोणाच्या खांद्यावर बसत नाही.)

नीट बघा, ही एका खुनाच्या कटाची गोष्ट आहे. एक भिक्षू राजाला सांगतो की अमुक झाडावरचं प्रेत आणून दे. खरं तर त्याला राजाचाच बळी द्यायचा आहे. राजाला हे माहीत नाही. वेताळाला माहीत आहे. तो वाटेत एकेक गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. शेवटच्या गोष्टीचं उत्तर राजाला येत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हा वेताळ भिक्षूचा कट उघड करतो. म्हणजे आपल्या टेस्टमध्ये वेताळ डिस्टिंक्शनने पास. नायकाला जे माहीत नाही ते त्याला माहीत आहे.

पण वेताळाची खरी ताकद माहितीत नाही, प्रश्नात आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाची जी पहिली गोष्ट आहे ती मी मुद्दाम शोधून वाचली. वज्रमुकुट नावाचा राजपुत्र, त्याचा मित्र प्रधानपुत्र, आणि पद्मावती नावाची मुलगी. पद्मावतीला तिच्या घरातून, तिच्या गावातून काढून आपल्याबरोबर न्यायचं म्हणून प्रधानपुत्र एक डाव रचतो. राजपुत्राकरवी तिच्या मांडीवर त्रिशूळाची खूण करवतो आणि तिचा दागिना पळवतो. मग स्वतः तपस्वी बनून स्मशानात बसतो. दागिना बाजारात सापडल्यावर तो राजाला सांगतो, रात्री डाकिणी आल्या होत्या, त्यातल्या एकीला मी त्रिशूळाने डागलं, हा दागिना तिचा. पद्मावतीच्या अंगावर खूण सापडते. झालं! डाकीण ठरली. राजा तिला नगराबाहेर हाकलतो. तिचे आईबाप दुःखाने मरतात. वेताळ विचारतो, या दोघांच्या मृत्यूचं पाप कोणाचं?

आपण पटकन म्हणू, प्रधानपुत्राचं. विक्रम म्हणतो, नाही. त्याने धन्याचं काम केलं. राजपुत्र प्रेमात आंधळा होता. पाप त्या नगरीच्या कर्णोत्पल राजाचं, कारण त्याच्याकडे हेर होते, सत्ता होती, आणि तरी त्याने चौकशी केली नाही. साधूने सांगितलं, खूण दिसली, निकाल दिला.

हे वाचताना मला काही हजार वर्षं मागे जावं लागलं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्याच जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावी, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर गावात बांधून मारहाण झाली. त्यात म्हातारी माणसं होती, बायका होत्या. अंगात आलेल्यांनी नावं घेतली आणि गावाने ती खरी मानली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे बघा, न दिसणाऱ्या कोणीतरी काहीतरी सांगितलं. ब्लॅक बॉक्समधून आउटपुट आलं. ते तपासायला त्या चौकात एकही माणूस पुढे आला नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, म्हणजे तोवर आठ वर्षं झाली होती. आमच्या मेसमध्ये या विषयावर बोलणं निघालं तर एक जण सहज म्हणाला, 'पण बाप्पा, काही तरी असल्याशिवाय नाव कसं येईल?' तो थर्ड इयरचा आहे, कंट्रोल सिस्टिम्समध्ये आमच्या वर्गात पहिला आला होता.

म्हणून मला 'हॅपी'तला निक आवडतो. तो वाईट माणूस आहे, पण घोडा बोलला म्हणून लगेच पिस्तूल काढत नाही. आधी भांडतो, शिव्या देतो, पुरावा मागतो. सोबत्याचं ऐकून कोणाला तरी मारणं सोपं आहे. त्याचं ऐकून स्वतः अडचणीत जाणं अवघड. कुठल्याही अशा कथेत मी आता हेच बघते की सोबत्याच्या बोलण्याची किंमत कोण मोजतोय.

थोडं तंत्राविषयी, कारण आमच्या कॉमिक ग्रुपमधल्या ज्युनियर्सनी हे विचारलं होतं. जे फक्त एकालाच दिसतं ते कागदावर दाखवायचं कसं? समजा झाडीपट्टीच्या नाटकात असं पात्र आणलं. वडशाला मंडप भरलाय, रात्रीचे दोन वाजलेत, आणि स्टेजवर सोबती उभा आहे. तो सगळ्या प्रेक्षकांना दिसतो. बाकीचे नट त्याच्या बाजूने न बघता जातात आणि लोक हसतात. नाटकाला तेवढं पुरतं. कॉमिकमध्ये जास्त सोयी आहेत. एक म्हणजे रेषा. रॉबर्टसन यांनी निकचा चेहरा, गल्ली, बर्फातला चिखल हे सगळं सुरकुत्यांसकट काढलंय, आणि हॅपी मात्र गोल, गुळगुळीत, मोठ्या डोळ्यांचा. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये मांडलंय की चेहरा जितका साधा काढावा तितका वाचक त्यात स्वतःला घालू शकतो. इथे त्याचा उलटा उपयोग झालाय. सगळ्यात अशक्य पात्र सगळ्यात ओळखीचं वाटतं आणि खरा माणूस परका वाटतो. दुसरं म्हणजे रंग. करड्या-तपकिरी पानावर एकच निळा ठिपका. डोळा आधी तिथेच जातो. तिसरी सोय दोन चौकटींमधली फट. एका चौकटीत निक घोड्याशी बोलतोय, पुढच्या चौकटीत तेच दृश्य दुसऱ्या माणसाच्या बाजूने, आणि घोडा नाही. निक एकटाच हवेत हातवारे करतोय. शब्द न वापरता सगळं सांगून झालं. हे सिनेमातही करता येतं, पण सिनेमात कट निघून जातो. कागदावर दोन्ही चौकटी एकाच वेळी समोर राहतात, आणि वाचक पाहिजे तितक्या वेळा मागेपुढे करतो.

आता हे सगळं शिकून आम्ही काय करतोय ते सांगते. माझी रूममेट चित्रं काढते, मी लिहिते. आमचं कॉमिक गडचिरोलीतलं आहे. नायक नोकरी गेलेला वनरक्षक, आता सागवान चोरांसाठी वाटाड्याचं काम करणारा. प्राणहितेच्या काठावर माल उतरतो आणि रात्री पलीकडे तेलंगणात जातो. सोबती कोण घ्यायचा यावर आमची चार दिवस भांडणं झाली. वाघ नको, वाघ सगळेच घेतात. भूत नको, त्याचं कारण वर आलंच आहे. शेवटी सिरोंचानेच उत्तर दिलं.

सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्मांचं उद्यान आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच तालुक्यात, पोचमपल्लीजवळ, एका महाकाय डायनासोरची हाडं निघाली होती हे आमच्या वर्गात दोघांनाच माहीत होतं. बारापासॉरस टागोरी. सुमारे १४ मीटर लांब, झाडपाला खाणारा, अंदाजे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. नावातला 'बारा' हा आकडा नव्हे, 'बडा पा' म्हणजे मोठ्या पायाचा. 'टागोरी' हे रवींद्रनाथांवरून, कारण उत्खनन त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, सुरू होतं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये त्याचं नामकरण केलं आणि सांगाडाही तिथेच उभा आहे. आमच्या कॉमिकमध्ये तो 'बारापा'. चौदा मीटरचा प्राणी जंगलातून नायकामागे चालतो आणि एक पान हलत नाही. बोलतो अगदी हळू, आजोबांसारखा, 'अरे बापू, जरा थांब की' असं.

पहिल्या अंकात आम्ही ठरवून त्याला टेस्टमध्ये फेल ठेवलंय. नायकाला माहीत आहे तेवढंच त्याला माहीत. वाचकाने त्याला दारूचा परिणाम समजावं. दुसऱ्या अंकात आगाराच्या आवारात रचलेल्या ओंडक्यांतल्या एकाकडे बघून बारापा म्हणतो, 'हा कूपातला नाही. हा नदीकाठचा.' ओंडक्यावर हॅमरचा शिक्का बरोबर आहे, वाहतूक पासही बरोबर आहे. नायक कधी त्या काठाला गेलेला नाही. सरळ गेलं तर ओंडका आणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या पोराला पकडून झोडपता येईल, गावही साथ देईल. तो पान मी तीनदा लिहून खोडलं. आता नायक ट्रेसिंग पेपर घेतो, तोच आपला ड्रॉइंग हॉलमधला. सागाची वर्षवलयं स्पष्ट दिसतात. ओंडक्याच्या कापावर कागद ठेवून तो वलयं गिरवतो, मग रात्री नदीकाठी जाऊन बुंधे शोधत फिरतो आणि एकेकावर कागद ठेवून बघतो. सहा पानं नुसती शोधाशोध आहे, संवाद जवळजवळ नाही. ग्रुपमधले काही जण म्हणतात बोअर होईल. मी ती पानं कमी करणार नाही. जुळणारा बुंधा सापडतो आणि त्यावर जो शिक्का आहे तो ट्रॅक्टरवाल्या पोराचा असूच शकत नाही, तो हातोडा ज्यांच्या ताब्यात असतो त्यांचा आहे.

एक अडचण अजून सुटलेली नाही. बारापासॉरसची हाडं भरपूर मिळाली, पण कवटी कधीच मिळाली नाही. मिळाले ते सुटे दात, चमच्याच्या आकाराचे. म्हणजे याचा चेहरा कसा होता ते कोणालाच माहीत नाही, आणि आमच्या सोबत्याला तर दोन अंक भरून बोलायचं आहे. रूममेट म्हणते, अंदाजाने काढायचं नाही. सध्या प्रत्येक चौकटीत मान वर जाते आणि सागाच्या पानांत शिरते, आणि पानांच्या मधून फक्त दात दिसतात.